आधी रशेस दाखवा

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी पत्रकारिता पुरस्कारांचा परीक्षक म्हणून बसलो होतो. व्हिडिओ पत्रकारितेचा विभाग त्या वर्षी नव्यानेच सुरू झाला होता. विश्रामगृहातली खोली, चहाचे कागदी कप, एक लॅपटॉप, पेन ड्राइव्हवर एकतीस व्हिडिओ आणि आम्ही तिघं. दहाएक व्हिडिओ झाल्यावर पुढचं न बघताच कळायला लागलं. सुरुवातीला ड्रोन: कोरडं धरण, नाहीतर भेगाळलेलं रान. मग व्हायोलिनचा उदास तुकडा. संथ गतीत फुटलेल्या टाचा. म्हातारीचे डोळे. शेवटी वार्ताहर कॅमेऱ्याकडे चालत येतो, व्यवस्थेला जाब विचारतो आणि आपलं नाव सांगतो.

सत्ताविसावा व्हिडिओ मोबाइल उभा धरून काढलेला होता. तालुक्याच्या एका स्ट्रिंगरने पाठवलेला, जेमतेम चार मिनिटांचा. संगीत नाही, ड्रोन नाही. पहाटेपासून तो गावच्या विहिरीवर बसून होता. टँकर आला की फोनचा कॅमेरा आधी स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळावर न्यायचा, मग टँकरच्या नंबर प्लेटवर, मग विहिरीत पडणाऱ्या पाण्यावर. दिवस मावळेपर्यंत दोन खेपा झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याने टँकरच्या लॉगबुकचं पान दाखवलं. त्यावर पाच खेपा लिहिलेल्या होत्या आणि खाली सह्याही होत्या. चित्र हलत होतं, मध्येच त्याचाच खोकला ऐकू येत होता.

आमच्यापुढे छापील गुणपत्रिका होती. छायांकन 20, संकलन 20, सादरीकरण 20, पार्श्वसंगीत 10, आशय 30. आशयाचे तीसपैकी तीस देऊनही तो स्ट्रिंगर नववा आला. पहिला आला धरणावरचा ड्रोन. धरणातलं पाणी गेलं कुठे, याचा त्यात पत्ताच नव्हता. निकालपत्रावर तिघांच्या सह्या झाल्या. तिसरी माझी.

ती सही अजून टोचते, पण तिने एक गोष्ट शिकवली. पुरस्काराचं खरं धोरण मानपत्रात शोधू नये. मानपत्रात सगळेच निर्भीड आणि सत्यशोधक असतात. खरं धोरण अर्जाच्या आणि गुणपत्रिकेच्या रकान्यांत असतं. पार्श्वसंगीताला 10 गुण आणि पडताळणीला रकानाच नाही, असं ज्या कागदावर छापलंय, तो कागद पुढच्या वर्षी तालुक्यातालुक्यांत काय चित्रित होणार हे ठरवून मोकळा होतो. दहावीच्या पेपरात जे येत नाही ते वर्गात कोण शिकवतं? म्हणून माझं म्हणणं एवढंच: व्हिडिओ आणि मल्टिमीडिया पत्रकारितेच्या पुरस्कारांनी नुसती तयार फिल्म बघून निकाल देऊ नये. आधी रशेस मागाव्यात. एडिट टेबलावर कात्री लागण्याआधीचं सगळं कच्चं चित्रण.

रकान्यांचं वजन केवढं असतं, हे मोठ्या पुरस्कारांकडे पाहिलं की कळतं. पुलित्झर पारितोषिकं 1917 पासून दिली जातात आणि ती मुळात वृत्तपत्रांची. डिसेंबर 2012 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'स्नो फॉल' हा मल्टिमीडिया वृत्तान्त प्रसिद्ध केला. वॉशिंग्टन राज्यातल्या टनेल क्रीक इथे त्याच वर्षी फेब्रुवारीत हिमकडा कोसळून तीन जण गेले होते, त्याची ही कहाणी. वाचत खाली जावं तसे नकाशे हलायचे, डोंगरावरून बर्फ घसरायचा, वाचलेल्यांच्या मुलाखती सुरू व्हायच्या. 2013 मध्ये जॉन ब्रँच यांना त्यासाठी पुलित्झर मिळालं ते फीचर लेखनाचं. मल्टिमीडियाची दखल मानपत्रातल्या कौतुकापुरती. हे सगळं एकत्र बसेल असा रकानाच नव्हता. ध्वनिवृत्तान्ताचा विभाग 2020 मध्ये आला, व्हिडिओला आजही स्वतंत्र विभाग नाही. तरी त्या एका पारितोषिकानंतर जगभरच्या वृत्तपत्रांत हलणाऱ्या पानांची लाट आली. अमेरिकेतल्या संपादकीय कक्षांत 'स्नो फॉल' हे चक्क क्रियापद झालं. विषयाला गरज असो-नसो, 'आपणही एक करू' म्हणून महिनोन्महिने खर्ची पडले. एका बक्षिसाने पेशाचं वळण बदलतं ते असं.

वळण देण्याची एवढी ताकद असलेली माणसं नुसत्या तयार मालाला भुलली, तर काय होतं? जर्मनीच्या 'डेर श्पीगल' साप्ताहिकाचा क्लास रेलोटिउस हा पुरस्कारांचा लाडका वार्ताहर. डिसेंबर 2018 च्या सुरुवातीला त्याला जर्मन रिपोर्टर पुरस्कार चौथ्यांदा मिळाला आणि त्याच महिन्यात 'श्पीगल'ला जाहीर करावं लागलं की त्याच्या वृत्तान्तांतली माणसं, प्रसंग, संवाद यांतलं बरंच काही रचलेलं होतं. त्याला पकडलं त्याचाच सहकारी हुआन मोरेनो याने. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या एका वृत्तान्तावर दोघांची नावं होती. मोरेनोला शंका आली, वरिष्ठांनी ती झटकून टाकली. तेव्हा तो पदरचे पैसे खर्चून ॲरिझोनात गेला, वृत्तान्तातल्या माणसांना भेटला, त्यांना रेलोटिउसचा फोटो दाखवला आणि या माणसाला आपण कधी भेटलोच नाही, हे त्यांचं म्हणणं व्हिडिओवर टिपून आणलं. त्या व्हिडिओला छायांकनाचे किती गुण पडले असते कोण जाणे. पण परीक्षकांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेलं देखणं गद्य त्याच्यापुढे टिकलं नाही.

ध्वनिमाध्यमातही हेच घडलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या 'कॅलिफेट' या 2018 च्या पॉडकास्टच्या केंद्रस्थानी एक तरुण होता. इस्लामिक स्टेटसाठी आपण माणसं मारली, असं तो सांगत होता. पॉडकास्टला पीबॉडी पुरस्कार मिळाला. सप्टेंबर 2020 मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी खोटी दहशत पसरवल्याच्या आरोपाखाली त्या तरुणाला अटक केली, डिसेंबरात वृत्तपत्राने चूक कबूल केली आणि पुरस्कार परत केला. थरार, शांततेचे ठोके, निवेदिकेचा थबकणारा आवाज, सगळं जागच्या जागी होतं. माणूस खरं बोलतोय का, हा प्रश्न तेवढा शेवटपर्यंत गेला नाही. कसब कच्चं असतं तर कदाचित आधीच कुणीतरी विचारलं असतं.

यावर उपाय आहे आणि तो कुणी केलेलाच नाही असंही नाही. 1955 पासून चालत आलेल्या 'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेने 2015 मध्ये शेवटून दुसऱ्या फेरीतल्या छायाचित्रांच्या मूळ फाइल्स मागवून तपासल्या. सुमारे 20 टक्के छायाचित्रं फेरफारामुळे बाद झाली. त्याच वर्षी बेल्जियमच्या शार्लरुआ शहरावरच्या एका मालिकेचं पहिलं बक्षीस काढून घेतलं गेलं, कारण तिच्यातलं एक छायाचित्र शार्लरुआत काढलेलंच नव्हतं, ब्रसेल्समधल्या मोलेनबेकमध्ये काढलेलं होतं. स्पर्धेची नाचक्की झाली, टीका झाली. पण तेव्हापासून स्पर्धेला पाठवणारा प्रत्येक जण मूळ फाइल जपून ठेवायला शिकला. एका रकान्याने हे साधलं.

याहून कडक परीक्षक आपल्या मुंबईने पाहिलेत. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सेबॅस्टियन डिसोझा शेजारच्या कार्यालयातून कॅमेरा घेऊन छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये शिरले आणि रेल्वेच्या डब्याआड लपत त्यांनी दहशतवादी कसाबला टिपलं. त्या छायाचित्रांची कसोटी लागली ती आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात, जिथे छायाचित्रकाराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. तिथे रचना, प्रकाश, क्षण पकडण्याचं कसब असलं काही कुणी विचारत नाही. तुम्ही कुठे उभे होता, किती वाजले होते, हेच विचारतात. पत्रकारितेच्या चित्राला विचारायचे प्रश्न तेच आहेत. परीक्षकांनी वकिलाइतकं निष्ठुर होऊ नये, पण त्याचे पहिले दोन प्रश्न उचलायला काय हरकत आहे?

पुलित्झर मंडळाने 2021 मध्ये दिलेलं विशेष मानपत्र मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ते मिळालं डार्नेला फ्रेझर या मुलीला. 25 मे 2020 रोजी मिनियापोलिसच्या रस्त्यावर पोलिसाचा गुडघा जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर होता, तेव्हा सतरा वर्षांची डार्नेला फोन धरून उभी राहिली. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. अटकेदरम्यान प्रकृती बिघडून एक माणूस दगावला, एवढंच होतं. डार्नेलाच्या न कापलेल्या, न सजवलेल्या चित्रणाने ते निवेदन खोटं पाडलं. ती पत्रकार नव्हती, तिने अर्ज भरला नव्हता, तिच्यासाठी रकाना नव्हता. मंडळाला रकान्याबाहेर जाऊन तिला गाठावं लागलं. जे काम आपल्या पुरस्कारांच्या केंद्रस्थानी असायला हवं, ते एवढ्या मोठ्या पुरस्काराला अपवाद म्हणून सामावून घ्यावं लागतं, यातच सगळं आलं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे हलणारं, अंधारलेलं, खोकल्याचं चित्रणच चांगलं का? कारागिरीला काही मोल नाही? आहे ना. कंटाळवाणी फिल्म कुणी बघत नाही आणि न बघितलेली साक्ष वाया जाते. '20 डेज इन मारियुपोल' घ्या. युक्रेनच्या वेढलेल्या शहरात असोसिएटेड प्रेसचे मस्तिस्लाव चेर्नोव्ह आणि त्यांचे सहकारी शेवटचे आंतरराष्ट्रीय पत्रकार म्हणून राहिले. त्यांच्या वार्तांकनाला 2023 चं लोकसेवेचं पुलित्झर मिळालं, फिल्मला 2024 चं ऑस्कर. फिल्म उत्तम बांधलेली आहे. पण तिची ताकद बांधणीच्या आधीची आहे. 9 मार्च 2022 ला प्रसूती रुग्णालयावर बॉम्ब पडला. शहरात नेटवर्क जवळजवळ मेलेलं, म्हणून व्हिडिओ फाइलचे तुकडे करून तीन फोनांवरून ते बाहेर पाठवले. रशियाने जखमी बायका अभिनेत्री आहेत म्हटलं. तेव्हा हे पत्रकार त्याच बायकांना पुन्हा शोधत दुसऱ्या रुग्णालयात गेले. ऑस्कर स्वीकारताना चेर्नोव्ह म्हणाले की ही फिल्म करायची वेळच आली नसती तर बरं झालं असतं. कारागिरी साक्षीवर चढवलेली असली तर ती शोभते; साक्षीच्या जागी बसवली की ती सजावट होते.

त्याच शहरातली आणखी एक गोष्ट. तायरा नावाने ओळखली जाणारी युक्रेनी वैद्यकीय कार्यकर्ती अंगावरच्या कॅमेऱ्याने जखमींचं चित्रण करत होती. 15 मार्चला तिने नखाएवढं मेमरी कार्ड या पत्रकारांच्या हाती दिलं. त्यावर 256 जीबी चित्रण होतं. पत्रकारांनी ते टॅम्पॉनमध्ये लपवून रशियन सैन्याच्या 15 नाक्यांवरून बाहेर नेलं. दुसऱ्याच दिवशी तायरा पकडली गेली. कोणत्या पुरस्काराच्या गुणपत्रिकेत या कार्डाला जागा आहे? छायांकनात, संकलनात, की सादरीकरणात?

आणि आता तर कारागिरी स्वस्तही झाली आहे. भेगाळलेल्या रानावरून जाणारं ड्रोनचं दृश्य कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र दोन ओळींच्या सूचनेवर तयार करून देतं, तेही रानात पाय न ठेवता. म्हातारीचे डोळे देतं, व्हायोलिनही देतं. ज्या गोष्टीला यापुढे काहीच किंमत पडणार नाही, तिलाच शंभरातले सत्तर गुण देत राहणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. दिवसभर विहिरीवर बसणं मात्र यंत्राला जमत नाही.

रशेस मागण्यात धोका आहे, हेही मान्य. कच्च्या चित्रणात नाव न सांगण्याच्या अटीवर बोललेल्या माणसाचा चेहरा असू शकतो. एकदा ते परीक्षकांकडे गेलं की पोलिसांच्या हाती कधी पडेल, सांगता येत नाही. म्हणून ते ताब्यात घेऊ नये. बंद खोलीत, पाठवणाऱ्याच्याच यंत्रावर, त्याच्यासमोर पाहावं आणि परत द्यावं. नाजूक भाग असेल तर तेवढा झाकावा, त्याच्या खरेपणाची हमी संपादकाने लेखी द्यावी. शेवटच्या फेरीतल्या चार-पाच जणांपुरतंच हे करायचं आहे. एक दिवस जास्त जाईल, इतकंच.

रशेस मागितल्या की दुसरा रकाना आपोआप उघडतो: हे चित्रण कुणी केलं? रोरी पेक हा ब्रिटिश फ्रीलान्स कॅमेरामन ऑक्टोबर 1993 मध्ये मॉस्कोच्या ओस्तांकिनो दूरचित्रवाणी केंद्राबाहेर चित्रण करताना गोळीबारात मारला गेला. कुठल्याही वाहिनीचा तो कायम नोकर नव्हता. 1995 मध्ये त्याच्या नावाने न्यास उभा राहिला, फ्रीलान्स कॅमेरामनसाठी पुरस्कार सुरू झाले आणि अडचणीतल्या फ्रीलान्सरांना, त्यांच्या घरच्यांना मदत मिळू लागली. पुरस्कार आणि आधार एकाच छपराखाली असलेलं हे दुर्मिळ उदाहरण. आपल्याकडे 'कॅमेरामन अमुकसह तमुक' एवढ्यावर कॅमेरामनची बोळवण होते आणि स्ट्रिंगरचं तर नावही पॅकेजमध्ये येत नाही. प्रत्येक बातमीमागे तुटपुंजं मानधन घेऊन गावातलं चित्रण तो पाठवतो, मुंबईत त्यावर आवाज चढतो आणि बक्षीस आवाजाला मिळतं. अर्जात एक ओळ घाला: या व्हिडिओसाठी ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांची नावं आणि प्रत्येकाला मिळालेली रक्कम. ही ओळ भरताना बऱ्याच वाहिन्यांचा हात थबकेल. थबकू दे.

तिसरा रकाना ज्यांचं चित्रण केलं त्यांच्यासाठी. बुंदेलखंडात 2002 मध्ये सुरू झालेलं, दलित आणि वंचित समाजातल्या बायकांनी चालवलेलं 'खबर लहरिया' पुढे कागदावरून मोबाइल व्हिडिओवर आलं. त्यांच्यावर रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी केलेली 'रायटिंग विथ फायर' ही फिल्म सनडान्सला गाजली, 2022 च्या ऑस्कर नामांकनापर्यंत गेली. सोहळ्याच्या तोंडावर खुद्द 'खबर लहरिया'ने निवेदन काढलं: फिल्म प्रभावी आहे, पण आमचं वार्तांकन एकाच पक्षाभोवती फिरतं असं जे दिसतं, ते खरं नाही. फिल्मकारांचं म्हणणं काहीही असो, ज्या बायका रोज दुसऱ्यांच्या बातम्या तपासून देतात त्यांना स्वतःच्या गोष्टीवरचं म्हणणं नामांकनानंतर बाहेरून मांडावं लागलं, ही पद्धतच चुकीची आहे. परीक्षकांनी आधीच फोन करून विचारावं: तुमच्यावरची ही फिल्म तुम्ही पाहिलीत का? काय वाटलं?

आणि पुरस्कारांना चिकटलेला 'वार्षिक' हा शब्दही एकदा तपासून घ्यायला हवा. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; लाखाच्या वर. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाने त्या आवाज, चित्र, अनुवाद यांसह लोकांपुढे ठेवल्या आणि गाणाऱ्या बायकांना त्यांच्या गावी जाऊन पुन्हा चित्रित केलं. याहून अस्सल मल्टिमीडिया काम मराठी मुलखात मला माहीत नाही. त्याला 'या वर्षातलं उत्कृष्ट' कोण म्हणणार आणि कोणत्या वर्षातलं? जानेवारी ते डिसेंबरच्या चौकटीत दुष्काळाची फिल्म बसते. दुष्काळ बसत नाही.

आपल्याकडे 6 जानेवारीला, 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढला त्या दिवशी, पत्रकार दिन असतो आणि गावोगाव शाल-श्रीफळांचा पाऊस पडतो. मंचावर पालकमंत्री, कारखान्याचे अध्यक्ष, बँकेचे संचालक. ज्यांच्यावर वर्षभर बातम्या व्हायला हव्यात त्यांच्याच हातून मानचिन्ह घ्यायचं. 2016 मध्ये पत्रकार अक्षय मुकुल यांनी रामनाथ गोएंका पुरस्कार पंतप्रधानांच्या हस्ते घ्यायला नकार दिला. त्यांच्या वतीने तो प्रकाशकाने स्वीकारला. नकार देणारे मोजकेच. पण निदान पाहुण्याचं नाव निकालाआधी जाहीर करायला तरी काय अडतं?

मी मात्र त्या विश्रामगृहातून घरी आल्यावर त्या स्ट्रिंगरला फोन केला. निकाल लागला होता, शिष्टाचाराचा प्रश्न उरला नव्हता. म्हटलं, "तुमचा व्हिडिओ फार चांगला होता. त्या दिवसाचं सगळं चित्रण असेल ना? सकाळपासूनचं? एखाद्या वकिलाला दाखवता येईल."

तो जरा थांबला. "नाही सर. फोनची मेमरी फुल झाली होती. दुसऱ्या दिवशी मोर्चा होता, त्याचं शूटिंग करायचं होतं. सगळं डिलीट केलं."

त्याच्या अर्जासोबत कुणी रशेस मागितल्या नव्हत्या, म्हणून त्याने त्या ठेवल्या नव्हत्या. आणि मागितल्या असत्या, तरी ठेवायच्या कशात? समितीने त्या वर्षी प्रत्येक विजेत्याला पितळी समईचं मानचिन्ह दिलं, लाकडी बैठक, मखमली पेटी. परवा दुकानात चौकशी केली. 256 जीबीचं मेमरी कार्ड त्या समईपेक्षा स्वस्त येतं.